पान उघडेपर्यंतचा काळ

यवतमाळ ते मूर्तिजापूर हे लोहमार्गाचे अंतर ११३ किलोमीटरचे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली हा अडीच फूट मापाचा अरुंद मार्ग पडला, तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराच्या वाटेला लावण्यासाठी. लोकांनी पुढे त्या गाडीला ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन सात दशके या मार्गावर राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. इंजिन नवे आले, आता गाडी धावू लागेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु रूळ जुने, पूल जुने, वळणे जुनी. गाडीची चाल ताशी वीसएक किलोमीटरच्या पलीकडे फारशी गेली नाही. आज तर ती गाडीही धावत नाही.

या छोट्या इतिहासात एक मोठा धडा आहे. वेळ कोठे जातो हे न पाहता जो वेग वाढवू पाहतो, त्याचा खर्च होतो, प्रवास मात्र तेवढाच राहतो. दुसराही एक धडा आहे. रेल्वे आपला वेळ एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत मोजते. कापसाचा व्यापारी तो जिनापासून बंदरापर्यंत मोजतो. मूर्तिजापुरास अरुंद डब्यातील गाठी उतरवून रुंद डब्यांत चढवाव्या लागत. तो हमालीचा वेळ गाडीच्या वेळापत्रकात कोठेच दिसत नसे. पण ज्याचा माल अडकला आहे, त्याच्या हिशेबात तो पुरेपूर दिसे. मोजणारा कोठे उभा आहे, यावर मोजमाप अवलंबून असते.

आजचा आमचा विषय रेल्वेचा नाही. इंटरनेटवरील एखादे पान मागितल्यापासून ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईपर्यंत जो काळ जातो, तो मोजण्याचा आणि कमी करण्याचा उद्योग जगात कसा वाढला, हे आम्ही पाहणार आहोत. विषय यंत्रज्ञांचा वाटेल. परंतु सात-बाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचा निकाल, बँकेचे खाते, हे सर्व आता अशाच पानांच्या दारातून मिळते. दार उघडावयास किती वेळ लागतो, हा प्रश्न मग यंत्रज्ञांचा राहत नाही. तो गावाचा होतो. आणि या सबंध इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट निष्पन्न होताना दिसते: जेव्हा जेव्हा मोजपट्टी थांबलेल्या माणसाच्या हाती आली, तेव्हा तेव्हाच खरी सुधारणा झाली.

बातमीच्या वेगाची किंमत वऱ्हाडला फार पूर्वीच कळली होती. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा पोचला आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालील तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. जो भाव कळावयास पूर्वी काही आठवडे लागत, तो आता काही तासांत कळू लागला. पण कोणास कळू लागला? तार पोचली ती बाजारापर्यंत, पेढीपर्यंत. काळ्या मातीत उभ्या असलेल्या शेतकऱ्यापर्यंत ती पोचली नाही. त्याच्या दृष्टीने भाव पूर्वीइतकाच उशिरा येत होता; उलट समोरच्या खरेदीदारास तो आधी कळत असल्यामुळे त्याचे वाट पाहणे अधिक महाग झाले होते. पेढीवर उभे राहून पाहिले तर बातमी शेकडो पटींनी वेगवान झाली होती. बांधावर उभे राहून पाहिले तर काहीच बदलले नव्हते. ती तारसेवाही २०१३ च्या जुलैत बंद झाली. परंतु तिने उभा केलेला प्रश्न बंद झालेला नाही.

आता संगणकाच्या काळात येऊ. यंत्राने उत्तर देण्यास किती वेळ घेतला असता माणसास तो खटकत नाही, याचा पद्धतशीर विचार रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मांडला. त्या वेळी संगणक ही खोलीभर जागा व्यापणारी वस्तू होती. पुढे १९९३ साली याकोब नील्सन यांनी तोच विचार तीन सोप्या पायऱ्यांत सांगितला. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आले तर माणसास ते तत्काळ आले असे वाटते. एका सेकंदापर्यंत विलंब जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंद झाले की लक्ष उडते, मन दुसरीकडे जाते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, ही तिन्ही मापे यंत्राची नाहीत, माणसाच्या मनाची आहेत. यंत्रे पुढे हजारो पटींनी बदलली. ही मापे बहुतांशी तशीच राहिली.

आता मुळातच पान येते कसे, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आपण पत्ता लिहितो. प्रथम त्या नावाचा अंकांतील पत्ता कोणता, याची चौकशी होते. मग आपले यंत्र दूरच्या यंत्रास, म्हणजे सर्व्हरला, ‘ऐकू येते का?’ असे विचारते. ‘येते’ असे उत्तर आल्यावर दोघे गुप्त किल्ल्यांची देवघेव करतात. त्यानंतर कोठे ‘अमुक पान पाठवा’ अशी मागणी जाते. म्हणजे पानाचे पहिले अक्षर निघण्यापूर्वीच तीन-चार हेलपाटे झालेले असतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. सर्व्हर तेरा हजार किलोमीटरवर परदेशात असेल, तर जाऊन-येऊन सव्वीस हजार किलोमीटर होतात आणि एका हेलपाट्यास निदान ०.१३ सेकंद लागतो. असे चार हेलपाटे झाले की अर्धा सेकंद नुसत्या रामरामात संपला. तोच सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल, तर एका हेलपाट्यास सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. ही निसर्गाची मर्यादा आहे. तारेचा व्यास वाढवून, जोडणी महाग घेऊन ती हटत नाही. रस्ता रुंद केला म्हणजे अधिक बैलगाड्या एकदम जातात. पण एकटी बैलगाडी त्यामुळे लवकर पोचत नाही. वेगाविषयीचे निम्मे गैरसमज या एका भेदाकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

रस्त्यावर गाड्यांची कोंडी झाली तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेत ऑक्टोबर १९८६ मध्ये आला. बर्कली येथील विद्यापीठ आणि तेथील लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यामधले अंतर अवघे चारशे यार्डांचे. त्यांच्यामधील जोडणीचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आला. यंत्रे धडधाकट, तारा शाबूत. तरीही सुमारे हजारातील एक हिस्सा वेग उरला. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला आणि १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला. प्रत्येक यंत्र आपली पत्रे पोचली नाहीत असे वाटताच ती पुन्हा पाठवीत होते, आणि त्या पुनःपुन्हा पाठविण्यानेच रस्ता अधिक तुंबत होता. उपाय साधा होता. प्रथम थोडीच पत्रे पाठवावी. पोच आली की दुप्पट पाठवावी. पोच येईनाशी झाली की हात आखडता घ्यावा. या संयमामुळे इंटरनेट वाचले असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्याचा एक परिणाम पानाच्या रचनेवर झाला. पहिल्या खेपेस सर्व्हर आजही सामान्यतः चौदा-पंधरा हजार बाईट एवढाच माल पाठवितो. जे पान पहिल्या खेपेत बसते ते लवकर दिसते. जे बसत नाही त्यास पुढच्या खेपांची वाट पाहावी लागते.

भारतात सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत, आणि तेही प्रथम मोजक्या महानगरांत. त्या आरंभीच्या काळात दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास ९,६०० बिट, म्हणजे १,२०० बाईट येत. आजच्या मोबाईलवर काढलेले तीस लक्ष बाईटांचे एक छायाचित्र त्या वेगाने आणावयाचे म्हटले तर चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. ज्या गावी जोडणीचे केंद्र नव्हते, तेथून दूरच्या शहराशी एसटीडी लावावी लागे. एसटीडी बूथमधील तो लाल आकड्यांचा मीटर अनेकांस आठवत असेल. वाट पाहण्याचा प्रत्येक क्षण तेथे रुपये-पैशांत दिसत असे. गंमत अशी की, त्या काळी पाने तयार करणारे लोक स्वतःही त्याच संथ तारेवर बसलेले होते. वाट पाहणारा आणि पान बांधणारा यांचे दुःख एकच होते. त्यामुळे पाने हलकी राहिली.

मराठीची अडचण आणखी वेगळी होती. संगणकाच्या मूळ अक्षरसंचात देवनागरी नव्हती. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतपद्धती मान्य केली आणि त्याच सुमारास युनिकोडमध्येही देवनागरीस स्थान मिळाले. पण ही सोय घरोघरच्या यंत्रांवर पोचावयास बराच काळ गेला. १९९६ साली सुरू झालेल्या मायबोलीसारख्या संकेतस्थळांचा आरंभ याच अडचणीच्या काळातला. कोणी मजकुराचे चित्र करून ते पाठवी; कोणी स्वतःचा टंक वाचकास आधी उतरवून घ्यावयास लावी. चार ओळींची कविता वाचावयाची तर प्रथम तिच्याहून कितीतरी जड असा टंक यावयाचा! २००० साली विंडोजबरोबर मंगल हा युनिकोड टंक घरात आला, तेव्हापासून मराठी मजकूर हा मजकूर म्हणून प्रवास करू लागला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो या नव्या सोयीवर उभा राहिला.

आताही देवनागरीस थोडा अधिक भार सोसावा लागतो. ‘यवतमाळ’ हा शब्द युनिकोडच्या रूढ पद्धतीने साठविला तर सहा चिन्हांचे प्रत्येकी तीन, असे अठरा बाईट होतात. तोच शब्द रोमन लिपीत आठ बाईटांत बसतो. म्हणून मराठी पान जड असते, असा समज कोणी करून घेऊ नये. जोडाक्षरांनी भरलेला देवनागरी टंक पुष्कळदा शंभर-दोनशे हजार बाईटांचा असतो, हे खरे. पण नुसत्या मजकुराचे पाहा. पंधरा हजार बाईटांत, म्हणजे त्या पहिल्या एका खेपेत, मराठीची पाच हजार चिन्हे बसतात. दोन-तीन छापील पाने झाली. शिवाय मजकूर पाठविण्यापूर्वी तो दाबून लहान करता येतो. तीनशे पानांची कादंबरी न दाबताही पंधरा लक्ष बाईटांच्या आसपास जाते. वर सांगितलेल्या एका छायाचित्रात अशा दोन कादंबऱ्या मावतात. पान जड होते ते आमच्या भाषेने होत नाही. न तपासता चढविलेल्या चित्रांनी, शोभेच्या हलत्या पट्ट्यांनी आणि जाहिरातींच्या लटांबराने होते.

आणि पाने जड होत गेली खरी. तारा वेगवान झाल्या, मोठ्या शहरांतील कार्यालयांत जलद जोडण्या आल्या, आणि पान बांधणाऱ्यास आपल्या टेबलावर सर्व काही क्षणात दिसू लागले. वाट पाहणारा आणि बांधणारा यांची ताटातूट झाली ती येथे. २०१० च्या नोव्हेंबरात स्टीव्ह साउडर्स यांनी हजारो पानांचे वजन नियमाने नोंदविण्याचा उपक्रम सुरू केला. २०२२ च्या नोंदीत मधल्या पानाचे वजन, मोबाईलवरही, वीस लक्ष बाईटांवर गेलेले दिसते. मधले पान म्हणजे निम्मी पाने ज्याहून हलकी आणि निम्मी जड, असे पान.

याच साउडर्स यांनी याहूच्या नोकरीत असताना एक महत्त्वाचा शोध लावला होता. तोपर्यंत वेग वाढवावयाचा म्हणजे सर्व्हर बलवान करावयाचा, अशी समजूत होती. त्यांनी वाचकाच्या यंत्रापाशी घड्याळ लावले. तेव्हा असे दिसले की, एकूण काळापैकी ऐंशी ते नव्वद टक्के काळ सर्व्हरने पान दिल्यानंतर जातो: चित्रे आणण्यात, सजावटीच्या फायली गोळा करण्यात, त्या जुळविण्यात. २००७ साली त्यांनी हे ग्रंथरूपाने चौदा नियमांसह मांडले. मागण्या कमी करा, मजकूर दाबून पाठवा, एकदा आणलेली वस्तू पुन्हा मागू नका, असे त्यातील नियम एखाद्या काटकसरी गृहिणीस सहज पटावेत असेच आहेत. इंजिन बदलून न सुटलेले कोडे रूळ तपासल्यावर सुटले, असे हे झाले.

कापसाच्या मुलखात हे नियम समजावयास अवघड नाहीत. शेतातून आलेला कापूस कोणी तसाच बंदरावर पाठवीत नाही. जिनात सरकी निघते. वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग रुई म्हणून उरतो. मग प्रेसमध्ये ती दाबून १७० किलोची गाठ बांधतात आणि मगच गाडी भरतात. पान पाठवितानाही हेच करावयाचे. नको असलेला भाग काढावा, उरलेला दाबावा, मग रवाना करावा. शिवाय ज्या मालास नेहमी मागणी असते त्याचे गुदाम गिऱ्हाइकाच्या गावाजवळ ठेवावे. टॉम लेटन आणि डॅनियल लेविन या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील दोघांनी १९९८ साली अकामाई ही कंपनी काढली ती याच विचारावर. पानांच्या प्रती जगभरच्या गुदामांत ठेवावयाच्या आणि प्रत्येकास जवळच्या गुदामातून द्यावयाच्या. प्रकाशाचा वेग वाढविता येत नाही. पण अंतर कमी करता येते.

मोजण्याची साधनेही वाढत गेली. २००८ साली वेबपेजटेस्ट हे साधन सर्वांस खुले झाले. त्यात कोणती वस्तू कोणत्या क्षणी मागितली आणि केव्हा आली, याचा पायरीपायरीने उतरणारा तक्ता दिसतो. २०१० साली गूगलने शोधाच्या क्रमवारीत पानाचा वेग हाही एक निकष धरला आणि व्यापाऱ्यांचे डोळे उघडले. परंतु मोजणे वाढले म्हणजे समज वाढतेच असे नाही. याचे उत्तम उदाहरण यूट्यूबमधील क्रिस झकारियास या अभियंत्याने २०१२ साली सांगितले आहे.

त्यांनी चलच्चित्राचे पान बारा लक्ष बाईटांवरून अठ्ठ्याण्णव हजारांवर आणले. पान दहा-बारा पटींनी हलके झाले. मग सरासरी काळ मोजला, तर तो वाढलेला निघाला. हलके पान सावकाश उघडते, हे कसे? कोडे सुटले ते आकडे देशवार मांडल्यावर. आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सैबेरिया अशा दूरच्या मुलखांतील लोक एकाएकी मोठ्या संख्येने येऊ लागले होते. जुने पान त्यांच्या तारेवर वीस मिनिटांनीही येत नसे, म्हणून ते मुळी येतच नसत. नवे पान दोन मिनिटांत येई. आपणास दोन मिनिटे म्हणजे अनंतकाळ. त्यांना ती दारे उघडल्याची खूण होती. त्यांचा काळ हिशेबात आला म्हणून सरासरी वाढली. त्याआधी सरासरी चांगली होती, कारण ज्यांचे हाल सर्वांत अधिक, ते मोजणीतच नव्हते. या सबंध विषयात आम्हांस इतके बोलके दुसरे उदाहरण आढळले नाही.

२०२० च्या मे महिन्यात गूगलने जी नवी मापे ठरविली, त्यांत या अनुभवाचा काही अंश उतरला आहे. पानातील सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. वाचताना मजकूर इकडेतिकडे उड्या मारू नये. आणि बोट लावल्यावर पानाने सेकंदाच्या पाचव्या भागात प्रतिसाद द्यावा. हे तिसरे माप २०२४ च्या मार्चमध्ये आजच्या रूपात आले. ही मापे प्रत्यक्ष वाचकांच्या यंत्रांवरून गोळा होतात आणि सरासरीने ठरत नाहीत. शंभर वाचकांस जलद ते मंद असे रांगेत उभे केले, तर पंचाहत्तराव्याचा काळ धरतात. ही मोठी सुधारणा होय. तथापि त्या पंचाहत्तराव्याच्या मागे आणखी पंचवीस जण उभे राहतात. आणि पान दिसण्यापूर्वीच कंटाळून जो परत गेला, तो बहुधा या शंभरांतही नसतो.

ते पंचवीस कोण, हे यवतमाळास सांगावयाची गरज नाही. जिल्ह्याचा विस्तार सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, तालुके सोळा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लक्ष ७२ हजार, आणि त्यांतील फार मोठा भाग खेड्यांत राहणारा. झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत पसरलेल्या या मुलखात टेकड्या आहेत, जंगल आहे, पाड्यांची वस्ती आहे. मुंबईच्या कार्यालयात पान दोन सेकंदांत उघडले म्हणजे ते येथे दोन सेकंदांत उघडते, असे होत नाही.

याची प्रचीती महाराष्ट्रास २०१७ साली आली. त्या वर्षी जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना ही कर्जमाफी जाहीर झाली आणि अर्ज ऑनलाईनच भरावयाचे ठरले. लक्षावधी शेतकरी कुटुंबे थोड्या आठवड्यांत एकाच दाराशी आली. केंद्रांवरील रांगा, मंद चालणारा सर्व्हर, रात्री जागून भरलेले अर्ज, यांच्या बातम्या त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून येत होत्या. १५ सप्टेंबरची मुदत पुढे २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. एकट्यास पान किती वेळात मिळते हा एक प्रश्न. एकाच वेळी लाखांस ते मिळते का, हा दुसरा. बाजाराच्या दिवशीची गर्दी पाहूनच फाटकाची रुंदी ठरवावी लागते. इतर दिवसांची सरासरी तेथे उपयोगी पडत नाही. ज्याचा सबंध दिवस केंद्रावर गेला, त्याची त्या दिवशीची मजुरी बुडाली; हा खर्च कोणत्याही सर्व्हरच्या तक्त्यात उमटत नाही.

या घटनेनंतरचा इतिहासही तितकाच बोधक आहे. २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, तेव्हा शेतकऱ्याने अर्ज भरावयाचाच नाही, असे ठरले. बँकांनी आपल्याकडील माहिती द्यावयाची, याद्या लावावयाच्या आणि शेतकऱ्याने केवळ आधारने आपली ओळख पटवावयाची. त्या योजनेच्या इतर गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु वेगाच्या शास्त्राचा पहिला नियम तिने पाळला, हे नमूद केले पाहिजे: जी मागणी टाळता येते, तिच्याहून वेगवान अशी कोणतीच मागणी नाही. जी माहिती दुसऱ्या दाराशी आधीच आहे, ती माणसाकडून पुन्हा मागू नये. सात-बाराच्या बाबतीतही असेच पाऊल पडले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला आणि त्यासाठी तलाठ्याच्या सहीशिक्क्याची खेप वाचली. हेलपाटा वाचविणे हेच वेग वाढविणे, मग तो हेलपाटा तारेवरचा असो की रस्त्यावरचा.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. तारांचेही तसेच आहे. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याच्या योजनेस केंद्राने २०११ साली मान्यता दिली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने सुरू केलेल्या स्वस्त सेवेनंतर मोबाईलवरील इंटरनेट खेड्यांत झपाट्याने पसरले. रस्ता रुंद होत आहे, यात संशय नाही. पण रस्ता रुंद झाला की गाड्यांवरचे ओझेही वाढते, हे आपण पाहिलेच. नवा मार्ग हा पान हलके करण्याचा पर्याय होऊ शकत नाही.

मग आपण काय करावयाचे? ग्रंथालये, महाविद्यालये, सहकारी बँका, बाजार समित्या, नगरपालिका, या सर्वांची आज संकेतस्थळे आहेत किंवा उद्या होतील. ती बांधून घेताना आपण रंग पाहतो, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे कोठे बसली ते पाहतो. वेळ पाहत नाही. तो पाहावयास यंत्रज्ञ लागत नाही. चार-पाच वर्षांचा जुना, स्वस्तातला मोबाईल घ्यावा. कार्यालयातील वायफाय बंद करावे. पूर्वी साठलेली पाने पुसून टाकावी, नाहीतर यंत्र आपल्याच घरातली जुनी प्रत दाखविते. मग घाटंजीच्या किंवा मारेगावच्या बसस्थानकावर, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी ते पान उघडावे आणि घड्याळ लावावे. एकदा मोजून भागत नाही; पाच-सात वेळा मोजावे, आकडे चढत्या क्रमाने लिहावे, मधला आकडा धरावा आणि सर्वांत वाईट आकडाही विसरू नये. पहिले अक्षर केव्हा दिसले आणि आपले काम प्रत्यक्ष केव्हा झाले, या दोन वेळा निरनिराळ्या लिहाव्या. हा कागद संकेतस्थळ बांधणाऱ्यापुढे ठेवला की पुढचे काम तो जाणतो: चित्रे लहान करावी, जे खाली आहे ते मागाहून आणावे, नको ते काढावे, मजकूर सर्वांच्या आधी पाठवावा.

तारेच्या काळी वऱ्हाडचा शेतकरी आपला काळ मोजून कोणास दाखवू शकत नव्हता. आज तो दाखविता येतो. घड्याळ प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि मोजलेला आकडा नाकारणे कोणाही अधिकाऱ्यास वा कारागिरास अवघड जाते. रांगेतल्या शेवटच्या माणसास किती वेळ लागला, एवढा एक प्रश्न जरी आपल्या संस्थांच्या सभांतून नियमाने विचारला जाऊ लागला, तरी पुष्कळ बंद दारे लवकर उघडतील, असा आमचा विश्वास आहे.